ताट घेऊन लग्नाला

पत्रिकेत सगळं रीतसर होतं. वर महादेवाची पिंड, खाली वधूवरांची नावं आणि पदव्या, मग काका-मामा-आत्यांची फौज, कोपऱ्यात चिमुकल्यांचं लाडिक आमंत्रण. आणि अगदी तळाला, जिथे लोक 'आहेर आणू नये' असं छापून आहेराची आठवण करून देतात, तिथे लाल शाईत एक जादा ओळ: 'येताना आपापले ताट-तांब्या घेऊन यावे, ही नम्र विनंती.'

"लग्नाला चाललीयस की तुरुंगात?" आमच्या ह्यांनी विचारलं.

लग्न महादेवीच्या मुलीचं होतं. डी.एड. करताना पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. तिनं मला शेंगदाण्याची लालभडक चटणी खायला शिकवली. मी तिला मासे खायला शिकवू शकले नाही, कारण ती पडली लिंगायत. पुढे मी चिपळूणला शाळेत लागले, ती लग्न होऊन मराठवाड्यात गेली आणि मैत्री फोनवर राहिली. मी फोन करून ताटाचं विचारलं, तर म्हणाली, "सुमन, खरंच आण बरं का. न्हाई आणलंस तर हातावर वाढीन. आमच्या ह्यांच्या मिशीचा सवाल हाय."

मिशीचा सवाल म्हणजे इज्जतीचा, असं मी धरून चालले. तिथे गेल्यावर कळलं की तो शब्दशः मिशीचाच होता.

लातूर

लातूरला सकाळी उतरले तेव्हा स्टेशनात पाण्याची गाडी उभी होती. मिरजेहून टाक्यांमागून टाक्या भरून आणलेलं पाणी. आमच्याकडे जून लागला की पाणी उंबऱ्यापाशी येऊन उभं राहतं आणि आम्ही त्याला शिव्या घालतो. इथे लोक त्याला बघायला स्टेशनवर आले होते, सासरहून आलेल्या लेकीला बघायला जावं तसे. एक म्हातारा टाकीला हात लावून उभा होता. मी बाहेर आले.

दुष्काळात कचरा कमी असेल, अशी माझी आपली एक भाबडी समजूत होती. खायलाच बेताचं, तर टाकायला काय असणार? पण स्टेशनाबाहेर बघते तो पाण्याचे पाऊच, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे कप, थर्माकोलचे द्रोण. पाणी नव्हतं, पण पाण्याचे कपडे सगळीकडे पडलेले होते. समोरच्या हॉटेलात चहा मागितला तर प्लास्टिकच्या कपात आला. स्टीलचे ग्लास काचेच्या कपाटात मांडून कपाटाला कुलूप होतं.

"ग्लास धुवायला पाणी कुठून आणू, अक्का?" हॉटेलवाला म्हणाला. "ह्यो कप लई बेस. पिला, फेकला. खामखा झंझट न्हाई."

"आणि फेकलेल्याचं पुढे काय?"

"त्ये वाऱ्याकडं हाय," तो शांतपणे म्हणाला.

वारा आपलं काम चोख करत होता. पुढच्या प्रवासात जीपमधून बघितलं, रस्त्याकडेच्या एकाही बाभळीला पान नव्हतं, पण पिशव्या भरपूर लागल्या होत्या. पांढऱ्या, निळ्या, गुलाबी. दुरून बघितलं तर बाभळी फुलल्यात असं वाटावं.

नाव न घेण्याजोगं गाव

लातूर आणि नांदेडच्या मधल्या ह्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. गाव जिल्हा होण्याच्या बेतात आहे, आणि लग्न ठरत आलेल्या मुलीविषयी चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तसं ते बऱ्याच वर्षांपासून बेतातच आहे. पण गावानं आपल्याकडून तयारी पुरी ठेवली आहे. जीप थांबली त्या चौकात मला 'जिल्हा स्वीट होम' दिसलं, 'कलेक्टर टी हाऊस' दिसलं, आणि एका पिठाच्या गिरणीवर 'नियोजित जिल्हा' असं रंगवलेलं होतं, गिरणीच जिल्हा होणार असल्यासारखं.

महादेवीचे यजमान घ्यायला आले होते. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही म्हणते. किराण्याचे ठोक व्यापारी, कपाळाला भस्म, आणि मिशी अशी की दोन्ही टोकं म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली. "शरणू शरणार्थ, ताई," असा लिंगायती नमस्कार करून त्यांनी माझी बॅग घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "ताट आणलं न्हवं?"

घरी जाताना वाटेत एक मोठं मैदान लागलं. मैदानात कचऱ्याची टेकडी होती आणि टेकडीवर पाटी होती: 'नियोजित जिल्हाधिकारी कार्यालयाकरिता राखीव.'

"हे असं काय?" मी विचारलं.

"आमचं कोडं हाय ते," आप्पा म्हणाले. "जिल्हा झाल्याबिगर कचरा हलवायला निधी न्हाई. आन कचरा दिसला की जिल्हा व्हत न्हाई. बसा मग उकलत."

हे कोडं उकलण्यासाठीच गावच्या व्यापाऱ्यांनी स्वच्छता समिती काढली होती आणि आप्पांना अध्यक्ष केलं होतं. समितीनं पहिल्या बैठकीत छातीवर लावायचे बिल्ले केले. दुसऱ्या बैठकीत 'प्लास्टिक टाळा' असे प्लास्टिकचे फलक छापून चौकाचौकांत लावले. इथपर्यंत सगळं कुठल्याही समितीसारखंच चाललं होतं. पण आप्पांच्यात एक खोट आहे. ते मनावर घेतात.

त्यांनी तिसऱ्या बैठकीत नियम करून टाकला. दुकानातला पुठ्ठा, बाटल्या, फाटका बारदाना संध्याकाळी शटर ओढताना रस्त्यावर लोटायचा नाही. वेगवेगळा बांधून ठेवायचा आणि सकाळी घंटागाडीवरच्या बायकांच्या हातात द्यायचा. एकदा टाकलेला माल त्यांचा. त्या विकतील आणि पैसे घेतील. गंमत अशी की हे चाललं. भंगारवाल्याला स्वच्छ पुठ्ठा मिळाला, बायकांना चार पैसे मिळाले, आणि बाजाराच्या गटारी बऱ्याच वर्षांनी गटारींसारख्या दिसू लागल्या.

चाललेली गोष्ट कुणाला तरी खुपतेच. इथे ती दिगंबरशेठना खुपली. त्यांचं चौकात कापडाचं मोठं दुकान. त्यांचा मेहुणा थर्माकोलच्या प्लेटा ठोक भावानं विकायचा आणि गावभरच्या पुठ्ठ्याचा ठेका आपल्याला मिळावा म्हणून त्याची खटपट चालली होती. मेहुणा म्हणजे घरचा देव, त्याला कोण नाही म्हणणार? शेठ भर बैठकीत म्हणाले, "दुसऱ्याच्या दुकानातला पुठ्ठा उचलणं सोपं हाय, आप्पा. घरच्या लग्नाला किती कचरा करताव, ते बघू की."

आप्पा तिथल्या तिथं उठून उभे राहिले. "माझ्या पोरीच्या लग्नात थर्माकोलची एक प्लेट दिसली, तर ही मिशी उतरवीन आन अध्यक्षपद सोडीन. मग तुम्ही बसा हितं."

"मिशीचं मला काही वाटत न्हाई," मला भाकरी वाढता वाढता महादेवी म्हणाली. "लग्नापासून टोचून राहिलीय मला. पण ह्यांची खुर्ची गेली की शेठ त्यावर बसणार, आन दुसऱ्या दिवशी पुठ्ठा मेहुण्याच्या गाडीत. त्या बायांच्या पोटावर पाय येतो गं."

एवढ्यासाठी ते ताट. धुवायला पाणी नाही, म्हणून भाड्याची ताटं नकोत. फेकायचं नाही, म्हणून थर्माकोल नको. ज्यानं त्यानं आपलं ताट आणावं, जेवावं, पुसून घरी न्यावं. खेड्यात भंडाऱ्याला, मठातल्या दासोहाच्या जेवणाला लोक असेच जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण गाव जिल्हा व्हायला निघालं की माणसांना मान-अपमान फुटतात. महादेवीच्या आतेसासूबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "जेवायला बोलावलंय का भिक्षेला?" बोलल्या आणि पदराखालून आपलं पितळी ताट काढून पाटावर ठेवलं. आल्या होत्या घेऊनच.

बाजारपेठ

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांबरोबर बाजारात गेले. तिथे घंटागाडी बघितली. गाडी होती, घंटा नव्हती. पूर्वी भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लागायचं, तो भोंगा बंद पडलेला. नवी घंटा जिल्हा झाल्यावर येणार होती. तोवर गाडी ढकलणाऱ्या कौशल्याबाई स्वतःच ओरडायच्या, आणि आवाज असा की शटर आपोआप वर जावं.

"ओ स्टेशनरीवाले! वला-सुका येगळा केलाव का?"

"वला कुठून आणू, कौशल्याबाई?" स्टेशनरीवाला म्हणाला. "गावात पाणीच न्हाई. सगळा सुकाच हाय."

"मग तुमच्या त्वांडातली पिचकारी धरा डब्यात. तेवढीच वली."

दुकानं हसली. स्टेशनरीवाल्यानं मुकाट्यानं पुठ्ठा आणून दिला. आप्पांनी माझी ओळख करून दिली तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "तुमी बी ताट घेऊन आलाव? लई लांबून आणलं की वो. मी तर नवीन नाव घालून घेतलं." बचत गटाच्या हळदीकुंकवाला मिळालेलं ताट होतं. भांड्यावर नाव घालणारा म्हणाला, गावात कौशल्या लई हायत, कोणती लिहू? तर बाईंनी सांगितलं, लिही 'कौशल्याबाई घंटागाडी'. त्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी तसंच कोरून दिलं.

"उद्या याल ना?" मी विचारलं.

"आप्पांनी घरला येऊन अक्षता दिल्यात. न्हाई येऊन कसं चालंल?" मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "आप्पा, उद्या एक बी प्लेट दिसू देऊ नगा बघा. पुठ्ठ्यावर माझ्या सुनेची नर्सिंगची फी चाललीय."

आप्पांनी मिशीला पीळ दिला. तेच त्यांचं उत्तर होतं.

परतताना दिगंबरशेठ दुकानाच्या पायरीवर भेटले. गोड माणूस, बोलणं तर तुपातलं. मला म्हणाले, "पाहुण्यांचा काय इंतजाम केलाय आप्पांनी! मी बी उद्या येणार. सूर्यकांतला बी सांगितलंय यायला." सूर्यकांत म्हणजे चौकातला सलूनवाला. "येताना वस्तरा घेऊन ये म्हणलं. न जाणो."

लग्न

लग्न लिंगायत पद्धतीनं झालं, स्वामींनी लावलं, अक्षता पडल्या. वधूवर गोड दिसत होते. मी डोळे पुसले. इथवर काहीही चुकलं नाही. जे चुकायचं होतं ते फाटकापाशी आधीच चुकून बसलं होतं.

फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताला महादेवीचे भाऊ बसवराजमामा उभे होते. ते बिदरकडचे, त्याच सकाळी आलेले, मनानं अत्यंत चांगले. महादेवीनं माहेरच्यांसाठी कानडीत छापलेली वेगळी पत्रिका त्यांच्याकडे गेली होती आणि तिच्यात लाल ओळ नव्हती. ताटाबद्दल त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की येणारा प्रत्येक जण हातात नाव घातलेलं ताट घेऊन येतो आहे. आता नाव घातलेलं भांडं घेऊन माणूस लग्नाला आला, म्हणजे ते काय? आहेर! ह्या बाबतीत अख्ख्या मराठवाड्यात आणि बिदरातही दुमत नाही. बहिणीच्या लेकीला एवढा आहेर येतोय, हे बघून मामांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रत्येकाकडून ताट-तांब्या मानानं घेतला, पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना खण दिला आणि ताटं मागच्या खोलीत रचत गेले.

माझंही ताट त्यांनी घेतलं. "लई भारी ताट आणल्यात अक्का," म्हणाले. "नाव भी छान घाल्यात." मला वाटलं, देवळाबाहेर चपला ठेवून घेतात तशी ही ताटांची सोय असेल, पंगतीत ज्याचं त्याला मिळेल. सगळ्यांनाच तसं वाटलं. गावाच्या शिस्तीचं मी मनातल्या मनात कौतुकही केलं.

मग पंगत बसली. लांबच लांब सतरंज्या, समोर रिकामी जमीन. आचारी हुग्गीचं पातेलं घेऊन आला. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. तिच्या वासानं माझी भूक खवळली. आचाऱ्यानं डाव भरला, खाली वाकला आणि तसाच थांबला.

"वाढू कशात?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग खोलीकडे बघितलं. खोलीला कुलूप.

"मामा कुठायत?"

मामा स्वामींना मठात सोडायला गेले होते. आहेर मोलाचा, म्हणून किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधून.

पाहुण्यांचे चेहरे बघवत नव्हते. उन्हाचा कडाका, पोटात भूक, नाकात हुग्गी. पोरं रडू लागली. बिलोलीहून आलेली माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ताट आणा म्हणले, आणलं. आता ताट बी त्यांचं आन जेवण बी त्यांचं!" आचारी आप्पांच्या कानाशी लागला. त्याच्या टेम्पोत थर्माकोलच्या प्लेटा होत्या. वेळ सांगून येत नाही म्हणून नेहमीच ठेवायचा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

दिगंबरशेठ पंगतीत बसूनच म्हणाले, "आप्पा, पाहुणे उपाशी राहून राहिले की वो. मिशी मोठी का पाहुणे?" त्यांच्या शेजारी सूर्यकांत पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, बिचारा खाली बघत.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांची नजर त्या पंगतीवरून फिरली, पार टोकाला कौशल्याबाई आणि घंटागाडीच्या बायका बसल्या होत्या, तिथपर्यंत.  आप्पा हो म्हणणार, असं मला वाटलं, आणि भुकेच्या तंद्रीत मलाही त्यांनी म्हणावं असंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल वाजली.

"एन आयतु? काय झालं?" मामांनी विचारलं.

"मामा, ताटं!"

"आहेर हाय की हो ते! नाव घातलेला हाय!"

पुढचे काही क्षण त्या मांडवात जे हसू उसळलं तसं मी कुठल्याच लग्नात ऐकलं नाही. मामा सोडून सगळे हसले. खोली उघडली, ताटं बाहेर निघाली. पण आता नावं वाचत बसायला कुणाला सवड होती? येईल ते ताट येईल त्याच्यापुढे सरकवत गेले. माझ्यापुढे 'भजनी मंडळाकडून सप्रेम' आलं. बिलोलीच्या बाईपुढे माझं गेलं. "चिपळूण कुठं हाय वो?" तिनं काठावरचं वाचून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हुग्गीत हात घातला. आतेसासूबाईंनी आधी समोरचं ताट फिरवून नाव बघितलं, तोंड वाकडं केलं, मग भुकेपुढे हात टेकले. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, हुग्गीवर तूप. मांडवभर नुसता भुरकण्याचा आवाज.

पंगत निम्मी उरकली तेव्हा दिगंबरशेठचा आवाज आला. "आचारी, ती तुमची थर्माकोलची एक प्लेट आणा बरं. मला पथ्य हाय."

आचाऱ्याला काय कळणार? तो घेऊन आला. ती पांढरीशुभ्र प्लेट एवढ्या स्टीलमध्ये लांबूनही दिसली. सगळ्यांचे हात थांबले. शेठच्या आधी ध्यानात आलं नसावं, पण मग चेहरा खुलला. "दिसली की वो, आप्पा! एक प्लेट!"

"पथ्य अन्नाचं आसतंय, शेठ," आप्पा सावकाश म्हणाले. "ताटाचं कसलं पथ्य?"

शेठनी प्लेट पुढे ओढली. त्यांनी बाजूला सारलेलं ताट माझ्या समोरच होतं. हुग्गी, भात, भाजी, सगळं वाढलेलं, बोटही न लागलेलं. काठावर ठिपक्यांनी लिहिलं होतं: 'कौशल्याबाई घंटागाडी'. शेठनी नाव वाचलं होतं आणि नावातून जात वाचली होती. तेव्हा मला उमगलं की थर्माकोल ह्या गावाला का एवढं आवडतं. पाणी हे निमित्त. त्या प्लेटेवर कुणाचं नाव नसतं, आधी कोण जेवलं ते विचारायला लागत नाही. माझा संताप झाला आणि तोंडातली हुग्गी कडू लागली.

टोकाहून कौशल्याबाई उठल्या. त्यांचं जेवण झालं होतं. पाण्याऐवजी ठेवलेल्या राखेच्या घमेल्याशी जाऊन त्यांनी हातातलं ताट घासलं, फडक्यानं पुसलं आणि शेठसमोर येऊन उभ्या राहिल्या. चांगलं जाडजूड ताट होतं, वर कोरलेलं 'दिगंबरशेठ, कापड दुकान'.

"शेठ, तुमचं माझ्याकडं आलतं. घासून आणलंय. त्वांड दिसतंय बघा त्यात. घ्या, आन माझं तुमच्याकडं आलंय म्हणत्यात, ते द्या."

शेठनी हात पुढे केला नाही.

कौशल्याबाईंनी खाली बघितलं. आपलं भरलेलं ताट बघितलं, शेजारची पांढरी प्लेट बघितली. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मभर बघत आल्या असतील. ताट धरलेला हात मात्र तसाच पुढे राहिला.

"न्हाई घेत?"

शेठनी मान वळवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "टाकलेला माल घंटागाडीचा. नियमच हाय." त्यांनी शेठचं ताट काखोटीला मारलं, आपलं भरलेलं ताट उचललं आणि माझ्या शेजारी जागा करून बसल्या. "आज दोनदा जेवते. हुग्गी रोज कोण करतंय?"

पहिल्यांदा बसवराजमामा हसले, मग सगळा मांडव. शेठचं पथ्य मात्र खरं निघालं. त्यांना त्या प्लेटेतलंही जेवण गेलं नाही.

"सूर्यकांत," आप्पांनी हाक मारली, "ये. काढ वस्तरा."

"आप्पा, ती काय धरायची प्लेट हाय का? त्यांनीच मागितली!" चारी बाजूंनी गलका झाला. कौशल्याबाईंचाही घास थांबला. "आप्पा, आमच्या पुठ्ठ्याचं बघा," त्या एवढंच म्हणाल्या.

"मी म्हणलो व्हतो, दिसली तर," आप्पा म्हणाले. "कुणी मागितली तर, आसं न्हवतो म्हणलो. आज शब्द वाकवला तर उद्या माझा नियम कोण पाळंल?"

महादेवीनं वाटीभर पाणी आणून दिलं. त्या उन्हाळ्यात वाटीभर म्हणजे चैन होती. सूर्यकांतनं वस्तरा चालवला. मिशी ठेवायला त्याला काही सापडेना, तेव्हा आप्पांनीच ती थर्माकोलची प्लेट पुढे केली. अख्ख्या लग्नात त्या प्लेटेचा उपयोग झाला तो एवढाच. मला रडू आलं. महादेवी नवऱ्याच्या उघड्या ओठाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आगं बया, ह्यांना तीळ हाय की."

मुखेडच्या जीपमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. चौकातून मुखेडची जीप, तिथून एस.टी.नं नांदेड, मग रेल्वे. आप्पा सोडायला आले होते. मिशीविना ते शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे दिसत होते. हात सारखा वर जायचा आणि ओठाशी काही न सापडून खाली यायचा. आदल्या संध्याकाळीच त्यांनी खुर्ची सोडली होती आणि समितीनं, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून, दिगंबरशेठना अध्यक्ष केलं होतं. मी मांडीवर माझं ताट घेऊन जीपमध्ये बसले. बिलोलीच्या बाईनं ते पुसून परत दिलं होतं आणि चिपळूणला येण्याचं कबूल केलं होतं.

"आता पुठ्ठा जाणार ना मेहुण्याकडे?" मी विचारलं.

आप्पा काही बोलायच्या आत आवाज आला. टण, टण, टण. गल्लीच्या तोंडातून घंटागाडी आली. कौशल्याबाईंच्या एका हातात शेठचं ताट होतं, दुसऱ्या हातात लोखंडी सळई. गावाला घंटा मिळाली होती, तीही जिल्हा होण्याआधी. दुकानांची शटरं भराभर वर गेली. गाडी कापडाच्या दुकानासमोर थांबली.

टण.

नवे अध्यक्ष बाहेर आले. मागे मेहुणा उभा होता. शेठ ताटावरचं आपलं नाव बघून म्हणाले, "कौशल्याबाई, ते ताट तेवढं..."

"न्यायचंय? घ्या की." त्यांनी ताट पुढे धरलं. "कालबी देत व्हते."

सगळी बाजारपेठ पायऱ्यांवर आली होती. ताट घेतलं तर तिच्या हातून, ती जेवलेलं. नाही घेतलं तर टाकलेला माल घंटागाडीचा हा नियम सगळ्यांसमोर मान्य केल्यासारखं, आणि ते रोज सकाळी गावभर वाजणार. शेठनी ताटाकडे बघितलं, बाजाराकडे बघितलं आणि आत वळले. मेहुण्याला बाजूला सारून स्वतः पुठ्ठ्याचा गठ्ठा उचलून आणला आणि गाडीत ठेवला.

"सुतळी सोडा, शेठ," कौशल्याबाई म्हणाल्या. "ती बी येगळी लागती."

शेठ वाकले आणि गाठ सोडवू लागले. आमची जीप सुरू झाली. मी मागे वळून बघितलं. आप्पांचा हात मिशीकडे गेला. तिथे काही नव्हतं, तरी त्यांनी पीळ दिला.